गिरिपुष्पाच्या कुंपणाबाबत शेवटची इच्छा

मी, कुस्तोदियो बस्त्याव लोबो, वय ७९, धंदा शेती, राहणार मधली वाडी, तालुका मालवण, हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला आता उरलंय कोण?

१. राहतं घर आणि काजूची बाग मुलगा डायलन याला. विहिरीचा पंप शिव्या दिल्याशिवाय चालू होत नाही. त्या त्याला येतात.

२. कोयता मुलगी डेलिशा हिला. गिरिपुष्प लावणीआधी छाटायचं, पाला शेताच्या चिखलात तुडवायचा, म्हणजे युरिया कमी लागतो. डायलनला हे बारा वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

३. आता मुख्य. लपवून लपवून थकलो. पूर्वेची गिरिपुष्पाची रांग खऱ्या हद्दीवर नाही. हद्दीवर कातळ, पहार उडायची. गुरं भाताची रोपं खात होती, म्हणून तीन हात पलीकडे, धाकटा भाऊ नेल्सन याच्या मऊ मातीत मी कुंपणाला गिरिपुष्पाचे दांडे ठोकले. तो म्हणाला, "रे, हे रुजतले." मी म्हटलं, "सुके आसत. लावणी झाली की काढतंय."

दांडे ओले होते. सकाळीच तोडले होते मी. महिन्यात फुटवे आले, तिसऱ्या वर्षी गुलाबी फुलं. तो म्हणाला, "काढ." मी म्हटलं, "जित्या झाडार कोयतो घालूचो नाय." आणि दर वर्षी त्याच झाडांवर घालत होतो! बावीस वर्षं एकाच चर्चमध्ये आम्ही दोन टोकांच्या बाकांवर बसलो. तो गेला तेव्हा पेटीला खांदा द्यायला मला कोणी बोलावलं नाही. बरोबरच केलं. मला लाज वाटते.

४. ती तीन हात जमीन नेल्सनची बायको सेलेस्तीन हिची. डायलनने रांग मुळासकट काढून जमीन मोकळी करून द्यावी. कुरकुर करू नये. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. मी तिला देत काहीच नाही, तिचंच परत करतो. म्हणून साक्षीला तिलाच निरोप धाडला आहे. येईल की नाही, ठाऊक नाही.

मधली वाडी, ४ मार्च २०२५
(सही) कुस्तोदियो बस्त्याव लोबो

साक्षीदार:
१. परशुराम धोंडू गावकर (सही)
२. सेलेस्तीन नेल्सन लोबो (सही)

सहीखाली सेलेस्तीनच्या हातचं: "भावजीनू, जमीन घेतंय. झाडां काढूची नाय. नेल्सन दर वर्षी आमच्या बाजूचो पालो तोडून आमच्या शेतात घाली. तुमका सांगू नको म्हणालेलो."