आधी आईकडे बघ

बाई, परवा हाताखालच्या नव्या डॉक्टरीणबाईंवर मी अगदी तुमच्यासारखी करवादले. स्लाईडवर कोरा भाग दिसला आणि त्यांनी सरळ निदान ठोकून दिलं. "आधी आईकडे बघ," मी म्हणाले, आणि मग माझं मलाच हसू आलं. फरीदाबादच्या लॅबमध्ये हे वाक्य मी तुमच्याकडून किती वेळा ऐकून घेतलं. सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, बाई म्हणणारी मी एकटीच. तुम्ही दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे मला बोलणी बसायची ती अस्सल मराठीत.

तेव्हा पेशी रंगवून बघायचा तो मार्कर आपल्याकडे नवा होता. द्राक्षगर्भाचा, म्हणजे बाळाऐवजी वारच द्राक्षांच्या घडासारखी वाढल्याचा संशय आला की आपण तो लावायचो. आईकडून आलेला जनुक जिथे काम करतो, तिथल्याच पेशी तपकिरी होतात. पूर्ण द्राक्षगर्भात सगळा वाटा बापाकडचा, म्हणून वारेचे झुबके कोरे राहतात. पण रंगच नीट चढला नसेल तरी ते कोरेच दिसणार. म्हणून शेजारचं आईच्या गर्भाशयाचं अस्तर तपकिरी झालंय ना, हे आधी बघायचं, असा तुमचा दंडक होता.

मग तिसऱ्या महिन्यात माझाच गर्भ गेला आणि तपासणीची बरणी आपल्याच लॅबमध्ये आली. आपली स्लाईड आपण बघायची नाही, असं दटावून तुम्ही मला घरी बसवलंत. रिपोर्ट तयार झाला त्या दुपारी तुम्ही स्वतः येता. नव्या सेक्टरमधली आमची इमारत, लिफ्ट अजून बसलेली नाही, तुम्ही धापा टाकत दारात उभ्या, हातात खिचडीचा डबा. मी विचारायला तोंड उघडते तर म्हणता, आधी जेव. मी जेवते. मग तुम्ही सांगता की पूर्ण द्राक्षगर्भ आहे, काही महिने रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील आणि तोवर पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत. मी विचारते, हे लॅबमधल्या फॉर्मॅलिनमुळे झालं का? मी हातमोजे घालायचा कंटाळा करायचे.

"मी दोनदा रंगवून बघितलं," तुम्ही माझा हात धरून म्हणालात. "तुझं अस्तर छान तपकिरी आहे, झुबके कोरे. त्यात तुझा अंशच नव्हता गं. मग दोष तुझा कसा?"

यात शास्त्रापेक्षा माया जास्त होती, हे मला तेव्हाही कळलं. पण त्या रात्री मला झोप लागली.

परवाची ती स्लाईड पुन्हा रंगवली. अस्तर तपकिरी, झुबके कोरेच. त्या स्लाईडची पेशंट गाझियाबादहून आली होती, पुन्हा पुन्हा विचारत होती की माझं काय चुकलं. त्यात तुझा अंशच नव्हता, हे तुमचं वाक्य मी तिला हिंदीत सांगितलं. तिने विचारलं,

"तो फिर मैडम, वो मेरा था ही नहीं?"

बाई, हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी तुम्ही इतक्या मायेने समजावलंत की तुमचं मन मोडवेना, म्हणून मी मान डोलावली. पण ते माझंच होतं.