हवं की नको

साहेब,
नमस्कार राहू दे, आज हात जोडायचंही त्राण नाही.

काल तुम्ही आमच्या लेकीला विचारलंत, "बाळ, बेकरीतलं काम हवं की नको?" ती म्हणाली, "नको." तुम्ही हसून मला म्हणालात, "बघा ताई, तिचीच इच्छा नाही. जागा दुसऱ्याला देऊ."

अहो, ती प्रश्नातला शेवटचा शब्द परत म्हणते! "नको की हवं" विचारलं असतंत, तर "हवं" म्हणाली असती. स्वमग्न तरुणांना कामाला लावणारं तुमचं खातं, आणि तुम्हाला एवढंही ठाऊक नसावं? यावर मी पालकांच्या सभांमधून घसा फोडून बोलले आहे. काल मात्र तिचा हात धरून नुसती परत फिरले. तिची शाळा संपली. ही जागा गेली की पुढे फक्त घराच्या चार भिंती. तरी मनात आलं, तिला खरंच नको असेल तर?

घरी येऊन मी तिला दोन्ही बाजूंनी विचारलं. दोन्ही उत्तरं मिळाली. तिचे बाबा म्हणाले, "अगं, तूही साहेबांसारखीच विचारतेस की!"

बेकरीत शिकताना मिळालेला तिचा ॲप्रन आज सकाळी मी धुवायला टाकला. तिने तो बादलीतून ओढून काढला, ओलाच अंगात चढवला आणि चपला घालून दाराशी जाऊन उभी राहिली.

अजून तिथेच उभी आहे, पायाशी पाण्याचं थारोळं. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, पत्रासोबत तिलाच घेऊन येते. या वेळी काही विचारू नका. नुसतं बघा.

दमलेली, पण निघालेली,
तिची आई