संत जोसेफ आता सरळ उभे आहेत

पपा,

"उलटा गाडलाय बिचाऱ्याला, रक्त उतरेल डोक्यात," असं परवा सकाळी बागेत पुटपुटत होतात, ते खिडकीतून ऐकलं मी. बंगला लवकर विकला जावा म्हणून एजंट बेलेनबाई संत जोसेफच्या छोट्या मूर्तीला फाटकापाशी डोकं खाली करून पुरतात, आणि त्यांची गाडी वळली की तुम्ही उकरून काढता. तीनदा झालं. बाई म्हणतात, "अख्ख्या मनिलात इतका हट्टी संत पाहिला नाही."

काल बंगला बघायला आलेलं जोडपं मात्र हो म्हणालं. संत तेव्हा तुमच्या मोज्यांच्या खणात होते, तरीही.

मी बोलणी करायला बाईंकडे गेलेय, चारपर्यंत येते. सही तुमचीच लागेल, पण घाई नाही. सिनिगांगचं आंबट सूप पातेल्यात आहे, गरम करूनच खा.

संतांना धुऊन तुमच्या उशाशी ठेवलंय. माझ्या घरी ते तुमच्यासोबत असेच सरळ येतील, ममाची आरामखुर्चीही येईल. ममाविना हा बंगला मलाही खायला उठतो.

दोन वर्षं आपण दोघांनी जे टाळलं, ते आज मीच लिहिते. बंगला धरून ठेवला म्हणून ममा परत येणार नाही, पपा.

तुमची चेलो