ऑगस्टीन आमचं काय काय घेऊन गेला

गिरीज,
रविवार, देवळातल्या मिस्सेनंतर

प्रिय रुडॉल्फ मामा,

जय ख्रिस्त. तुम्हाला, लिली मामीला आणि मामीच्या उजव्या गुडघ्याला नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. तुमच्या गास गावात कापणी आटोपली असेल. इकडे आमची केळी बरी आहेत, माणसांचं मात्र विचारू नका. फोन करणार होते, पण कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवता आणि फोनवर मी काहीही सांगितलं तरी ‘छान, छान’ म्हणता. ही बातमी ‘छान’ म्हणण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

आमच्या कारखान्यातला ऑगस्टीन वारला. नाताळात तुमच्याकडे जेवताना मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते, तोच. (तुम्ही म्हणालात, मर्सी, सणाच्या दिवशी कुणाचं वाईट चिंतू नये. मी चिंतलं नव्हतं, हे इथे स्पष्ट करते.) गोखिवऱ्याला आमच्याकडे प्लास्टिकच्या बादल्या आणि पाण्याचे मग बनतात, आणि आम्ही चौघं एका काचेच्या खोलीत बसतो, म्हणजे बसायचो. मी बिलं करते, मीरा हिशेब बघते, सिद्धेश ऑर्डरी घेतो आणि ऑगस्टीनकडे स्टोअरच्या किल्ल्या. पाचूबंदरचा कोळी माणूस. आडव्या अंगाचा, हसरा, आणि दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची असते हे आयुष्यात कधी मान्य न केलेला.

चोर निदान लपतो. ऑगस्टीन अभिप्राय द्यायचा. जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडावा तर बोंबलांचं नुसतं तेल उरलेलं, आणि तिकडून आवाज, “मर्सी, आज आंबट जास्ती पडला गो.” मीरा कोकणातली, सोशिक, तिने डबा फडक्यात बांधून वर गाठींवर गाठी मारल्या. त्याने त्या सोडवल्या, उसळ खाल्ली आणि फडकं पुन्हा बांधून ठेवलं, ते कोळ्याच्या गाठीने. ती गाठ आमच्यापैकी कुणाला सुटेना, आणि मीरा बिचारी त्या दिवशी उरलेल्या पोळ्यांकडे बाहेरूनच बघत बसली. सिद्धेशने खणाला कुलूप लावलं, तर कारखान्यातल्या अर्ध्या किल्ल्या ऑगस्टीनच्याच कमरेला. पेनं गेली, छत्र्या गेल्या, मीराची पाठीमागची उशी गेली, सिद्धेशचा साखरपुड्याचा फोटो छापलेला चहाचा मग गेला. शेठकडे तक्रार केली तर शेठ म्हणाला, आपसात मिटवा. (शेठचं जेवण घरून गरम येतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर संपतं. त्याला काय कळणार?)

इथवर मी हसत होते. मग आईचा डबा गेला. तुम्ही तिच्या लग्नात दिलेला, झाकणावर ‘रीटा’ असं तिचं नाव कोरलेला. आई गेल्यावर घरातलं दुसरं काही मी मागितलं नव्हतं. मी ऑगस्टीनसमोर जाऊन उभी राहिले, म्हटलं, बाकी सगळं खा, डबा दे, आईचा आहे. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “मी नाय बघला.” त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मी प्लास्टिकच्या डब्यात जेवण आणू लागले आणि तो त्यातलं खात राहिला. माझ्या अबोल्याचा त्याच्या भुकेवर काही परिणाम झाला नाही.

मग गेल्या महिन्यात, जेवणं झाल्यावर, ऑगस्टीन बादल्यांच्या गोणीवर बसला तो उठेचना. घामाने शर्ट भिजला होता, ओठ काळेनिळे. मालाच्या टेम्पोत घालून आम्ही त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, यांनी दुपारी काय खाल्लं? मामा, आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो. मग मी म्हटलं, माझी कोळंबी. मीरा म्हणाली, माझी वालाची उसळ. सिद्धेश म्हणाला, माझी अंडी, आणि शेठसाठी आणलेले पेढे. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, कारखान्यात लग्न होतं का? खाण्याने काही झालं नव्हतं म्हणा, हृदयच थकलं होतं. मीरा आणि सिद्धेश औषधं आणायला धावले आणि मी एकटी खाटेपाशी राहिले. त्याने हात हलवला. मी वाकले. वाटलं, आता तरी डब्याचं सांगेल. तोंडावरचं नळीचं झाकण बाजूला सारून तो म्हणाला, “मीराच्या उसळीत मीठ कमी व्हता.” त्यानंतर तो काही बोलला नाही. त्याची बायको पाचूबंदरहून पोचायच्या आत गेला.

मातीला आम्ही गेलोच, पण त्याच्या घरी जायचं टाळत होतो. शेवटी मीरा म्हणाली, लोक काय म्हणतील, म्हणून तिघं गेलो. खरं सांगते, मामा, मी दुःख करायला गेले नव्हते. मी डबा मागायला गेले होते. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

दारात माझी छत्री. मीराला बसायला खुर्ची दिली, तिच्यावर मीराचीच उशी. चहा आला, त्यातला सिद्धेशच्या हातात पडला तो त्याचाच मग. ऑगस्टीनची बायको म्हणाली, “ह्यावरची दोघं कोन हायेत मना ठाव नाय, पन जोडी चांगली हाय.” सिद्धेशने फोटो तळव्याने झाकून चहा प्यायला, आणि तळवा भाजला तरी हात काढला नाही. ती म्हणाली, “तुमचा लय जीव व्हता त्याच्यावर. रोज कायनाकाय द्यायचे तुमी. तो सांगायचा ना, मर्सी माझ्यासाठी वेगली कोलंबी आनते.” मीरा खाली बघत होती. मी वाक्य आठवत होते.

मग ती आत गेली आणि पदराने पुसत आईचा डबा घेऊन आली. “ह्यो बघ,” ती म्हणाली. “लगीन झाल्यापासून त्याने मना काय म्हनून दिला नव्हता. कवा नाव घेऊन हाक पन मारली नाय. आनि एक दिवस ह्यो आनला. वसईच्या बाजारात मुद्दाम नाव कोरून घेतला म्हनाला.”

तिचं नाव रीटा आहे, मामा. मला ठाऊक नव्हतं.

डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला, मी नीट बघावा म्हणून. झाकणाच्या कडेला तो पोचा तसाच होता, मी लहानपणी विहिरीवर पाडला होता तेव्हाचा. तिने विचारलं, “तू व्हतीस ना त्याच्यापाशी? काय बोलला शेवटाला?” मीरा आणि सिद्धेश माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “‘रीटा’ म्हणाले. दोनदा.” तिने तोंडात पदर घातला. आणि मी ते नाव घेतलं तेव्हा कुणाला हाक मारत होते, ते माझं मलाच कळलं नाही. डबा मी तिच्या हातात परत दिला. बाहेर पडून आम्ही स्टँडवर आलो. पाऊस नव्हता, तरी सिद्धेश म्हणाला, निदान छत्री तरी घ्यायची होतीस.

तुम्ही रागावाल. रागवा. मामीला माझा गोड पापा.

तुमची भाची,
मर्सी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. येत्या शनिवारी ऑगस्टीनच्या महिन्याची मिस्सा आहे. कारखान्यातर्फे कुणीतरी वेदीजवळ उभं राहून त्याच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी रीटाची इच्छा आहे, आणि मीरा, सिद्धेश व शेठ या तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही गासला इतक्यांच्या मयतीत बोललात, त्यांतले काही तर अगदीच वाईट होते. तेव्हा मला चार ओळी लिहून पाठवा. देवळात खोटं बोलायचं नाही आणि रीटासमोर खरं बोलायचं नाही, एवढं सांभाळा. मला आतापर्यंत एकच ओळ सुचली आहे: ‘आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नाही.’

ता. ता. क. हल्ली दुपारी डबा उघडते तो भरलेला असतो. काल अर्धा संपला नाही, घरी परत आणला. हे भाषणात घालू नका.