कॅमेऱ्याला ठोसा काय कळणार

३ मार्च
क्लबच्या सेक्रेटरीने रिंगभोवती चार कॅमेरे लावले. आता म्हणे मशीन बॉक्सिंग शिकवणार. मी बावीस वर्षं शिकवतोय, तीनदा नाक मोडून घेतलंय. मशीनला नाक तरी आहे का? आठवड्यात गाशा गुंडाळेल. पूर्ण दुर्लक्ष करायचं ठरवलं.

४ मार्च
दुर्लक्ष जमलं नाही. एक कॅमेरा फुटला. बॅग जोरात झुलली, असं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, बाकीच्या तिघांनी सगळं टिपलंय. लेखी माफी दिली. अक्षर मुद्दाम वाईट काढलं.

९ मार्च
खुद्द माझी लेक फितूर! स्पर्धा तीन आठवड्यांवर, आणि ही ठोसा मारला की आधी स्क्रीनकडे बघते. मी म्हणालो, समोरच्याच्या छातीवर नजर ठेव. म्हणाली, "बाबा, तेही त्याने सांगितलंय." रागाने बॅगेला दीडशे ठोसे हाणले. मनगट सुजलं. बॅग खराब आहे.

१६ मार्च, सकाळी ६
आज सोक्षमोक्ष. सगळ्यांसमोर मी विरुद्ध लेक. अनुभव विरुद्ध मशीन. तीन फेऱ्या. हात आखडता घेईन; पोटची पोर आहे.

१६ मार्च, दुपारी, हॉस्पिटल
पहिल्या फेरीत दोन सणसणीत ठेवून दिल्या. तिचा ओठ फुटला. वाईट वाटलं, पण मुद्दा सिद्ध होत होता. दुसरी फेरी. हुक मारण्याआधी मी डावा हात खाली सोडतो म्हणे. बावीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. तीही बोलली नाही, उजव्याने सांगितलं. दोन दात गेले, जबडा मोडला, टॉवेल रक्ताने भिजला. ती शेजारी बसून रडत होती, "बाबा, उठू नका ना." उठणार होतोच. पाय घसरला होता.

२१ मार्च
जबडा तारांनी बांधलाय. बोलणं बंद. बायको हल्ली गुणगुणते. लेकीला कागदावर विचारलं, मुद्दाम मारलंस? म्हणाली, मोकळी जागा दिसली, हात गेला. हे मीच शिकवलेलं! म्हणजे ठोसा माझाच. तत्त्वतः मला मीच पाडलं.

३० मार्च
लेक जिंकली. तिच्या कोपऱ्यात सेक्रेटरी आणि टॅबलेट. मी प्रेक्षकांत, नवव्या रांगेत. विश्रांतीत हात हलवला. तिने एकदाही वर बघितलं नाही. दिवे डोळ्यांवर येत असणार.

२ एप्रिल
सेक्रेटरी फळं घेऊन घरी आला. चावता येत नाही, हे त्याला सुचलं नाही. मशीनसाठी नवशिक्यांचा एक धडा बनवायचाय: 'काय करू नये'. त्यात माझी दुसरी फेरी हवीय, शिवाय आणखी काही नमुने कॅमेऱ्यासमोर करून दाखवाल का, म्हणाला. ताबडतोब मान डोलावली.
शेवटी मशीनलाही शिकवायला अनुभवी माणूसच लागतो.