आवाजाचं बटण

४ फेब्रुवारी
मज्जारज्जूला सूज. आज अकरावा दिवस. बेंबीखालचं सगळं संपावर! नऊ वर्षं याच हॉस्पिटलच्या नस-तपासणीच्या खोलीत दुसऱ्यांच्या नसांना शॉक दिले, स्नायूंत सुया खुपसल्या, 'सुधारेल की नाही' याचे रिपोर्ट काढले — आता मीच गिऱ्हाईक. सूज ओसरतेय म्हणे. पाय मात्र ढिम्म.

११ फेब्रुवारी
मोठे डॉक्टर म्हणाले, "दुखणं सुरू झाल्यापासून चार आठवडे होऊ द्या, मग तपासणी. आधी करून उपयोग नाही." मला सांगतात! हे वाक्य मी रोज दहा जणांना ऐकवायचे. ऐकणाऱ्याच्या अंगाचा किती तिळपापड होतो, ते आज कळलं.

१३ फेब्रुवारी
नवरा तळमजल्यावरची घरं बघतोय. "मला जिन्याचा कंटाळाच आला होता." चौदा वर्षांत नेमका आत्ताच आला!

२५ फेब्रुवारी
तपासणी. माझीच खोली, माझंच टेबल, सात अर्ज करूनही न बदललेली तीच फाटकी गादी. मशीनवर घुम्या. माझ्या हाताखाली शिकला. टक्कल पडलं तरी मला ताई म्हणतो. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन "पाय सैल".

आधी घोट्याजवळ शॉक. पडद्यावर उजव्या पायाचे डोंगर बरे उठले. डावीकडे नुसत्या टेकड्या. मग सुई. स्पीकर चालूच असतो — धडधाकट स्नायू आराम करताना गप्प, जोर लावला की ढब् ढब्. नसेशी नातं तुटलेला मात्र नुसता पडूनही तडतडतो, तापल्या तव्यावर थेंब पडावेत तसा.

उजव्याने ढब् ढब् केलं. डाव्या पोटरीत सुई शिरली, तडतड सुरू झाली, आणि घुम्याने हळूच आवाजाचं बटण शून्यावर नेलं.

ही युक्ती मीच त्याला शिकवलेली! ज्यांचं काही खरं नाही, त्यांना ते ऐकू जाऊ नये म्हणून. पेशंटला काय कळतंय, असं वाटायचं.

"आवाज का बंद केलास?"
"स्पीकर खराब आहे, ताई."
चार शब्द. आजचा कोटा संपला.

२६ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. 'डावा पाय सुधारण्याची शक्यता कमी.' वाक्यरचना माझीच, फक्त या वेळी वर पेशंटचं नावही माझं. खूप रडले.

२ मार्च
ज्यांच्यासाठी मी आवाज बंद केला, त्या सगळ्यांनाही तेव्हा कळलं असणार.

१९ एप्रिल
उजवा पाय कामाला लागलाय. डाव्यासाठी व्यायामाच्या बाई ओरडतात, "अंगठा हलवा, अगदी मनापासून!" मी मनापासूनच सांगतेय हो. तोच मनावर घेत नाही.

१६ जून
नवऱ्याला एक घर पसंत पडलंय. दारात उतारही आहे, हे त्याने तीनदा सांगितलं. होकार कळवायचाय. म्हटलं, परवाची तपासणी होऊ दे. "कशाला जिवाला त्रास?" म्हणाला. त्याचाही धीर सुटलाय. मी कुठून आणू?

१८ जून
"स्पीकर दुरुस्त झाला का रे?" घुम्याला विचारलं. सुई डाव्या पोटरीत.
"जोर लावा, ताई."
लावला. त्याचा हात बटणाकडे गेला. झालं! मी डोळे मिटून घेतले.
ढब्.
त्याने आवाज पूर्ण वाढवला होता. ढब् — ढब् — ढब्!
बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याने दार किलकिलं केलं. "कोण ठोठावतंय?"
"माझा डावा पाय," म्हटलं.