क्लायंट अ

४ सप्टेंबर, सकाळी ९.१०
बेंचवरचा चोविसावा दिवस. बायकोने विचारलं, बेंच म्हणजे काय? म्हटलं, आमच्या सल्लागार फर्ममध्ये प्रोजेक्ट नसलेल्याला बेंचवरचा म्हणतात. तीस दिवसांनी एचआर केबिनमध्ये बोलावून नारळ देतं, ते सांगितलं नाही. तो नियम सामान्यांसाठी. फर्मच्या पार्टनरबाई मला मोठ्या कामासाठी राखून ठेवताहेत. आज लिफ्टमध्ये त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितवा मजला, एवढंच विचारलं, पण पाहिलं.

५ सप्टेंबर
संकल्प: घाबरायचं नाही. लिफ्टने तीनदा उगाच वर-खाली केलं.

६ सप्टेंबर, दुपारी
म्हटलं नव्हतं! कुलुपांचा एक कारखाना तोट्यात आहे. नऊ तारखेला मालकांपुढे सल्ला मांडायचा. त्यांना पटला तर प्रोजेक्ट माझा. नाही पटला तर... पटणारच. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, असं पार्टनरबाई म्हणाल्या. मोठी माणसं कौतुक असंच आडून करतात. बायकोला सांगितलं, मॅनेजर झाल्यातच जमा. तिने लगेच सासूबाईंना कळवलं.
संकल्प: उद्या कारखान्यात जायचं. कामगारांशी बोलायचं. सगळं शून्यापासून.

७ सप्टेंबर
कारखाना लांब आहे. शिवाय पाठ धरलीय. शून्यापासून सुरुवात नवशिके करतात. ऑफिसच्या संग्रहात जुनी प्रेझेंटेशन्स आहेत, गुप्ततेसाठी नावं पुसून ‘क्लायंट अ’, ‘क्लायंट ब’ केलेली. ‘अ’चं दुखणं हुबेहूब आपल्यासारखं. बेचाळीस स्लाइड्स. सल्ला: दुसरी पाळी बंद करा. लिहिणारा कोण होता देव जाणे, पण डोकं अगदी माझ्यासारखं. ‘अ’च्या जागी कारखान्याचं नाव टाकलं, सालं बदलली. चार मिनिटं.
बायको म्हणाली, एकदा तिथे जाऊन तरी ये. मनात म्हटलं, लोकांना सल्ले द्यायला काय जातं?

८ सप्टेंबर
स्लाइड्सचा निळा रंग बदलून हिरवा केला. मग पुन्हा निळा.

९ सप्टेंबर, दुपारी १२.३०
कारखान्यातल्या ऑफिसात सातव्या स्लाइडपर्यंत मालक मान डोलावत होते. मग उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि आठवी स्लाइड वाचून दाखवली. मी ती लावायच्या आधी.
म्हणाले, तीन वर्षांपूर्वी तुमच्याच लोकांनी हेच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं. दुसरी पाळी बंद केली, ऐंशी माणसं घरी पाठवली. तेव्हापासून तोटा दुप्पट. आता बंद करायला दुसरी पाळी आणायची कुठून?
पार्टनरबाई जमिनीकडे बघत होत्या. मालकांनी फाइलचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. तयार करणाऱ्यांची नावं. तिसरं माझं.
वर्षाला साठ प्रेझेंटेशन्स करतो. कुठलं कुठलं लक्षात ठेवणार?

१० सप्टेंबर, सकाळी ११.४०
तिसावा दिवस. लॅपटॉप आणि कार्ड जमा केलं. एचआरच्या बाईंनी एक छापील कागद दिला. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. वर माझं नाव टाकलंय, खाली दुसऱ्याच कुणाचं तरी राहून गेलंय.
घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, तीस दिवसांचंसुद्धा. खूप लाज वाटली. वाटलं, आता विचारेल, आईला काय सांगू?
तिने हातातला फोन खाली ठेवला. मग विचारलं, त्या ऐंशी जणांनी त्या दिवशी घरी जाऊन काय सांगितलं असेल?
मला माहीत नाही. त्या कारखान्यात मी काल पहिल्यांदाच गेलो.